अनसिंगातली चिनी सारंगी

बोलक्या घरात किस्से सांगून संपतात. आमच्या सासरी फारसं कोणी बोलतच नाही, म्हणून ते साचतात! लग्नाला चार महिने झाले, तेवढ्यात ढीग झालाय. सगळे त्या चिनी सारंगीचे.

लढाई संपल्यावर हे सिंगापूरहून अनसिंगला परतले ते एक ट्रंक आणि ती घेऊन. नाव एरहू. लांब दांडा, दोन तारा, खाली लाकडी खोकं. तिथल्या शेजारच्या चिनी सुतारानं यांना शिकवली. एके दिवशी जपानी शिपाई त्याला घेऊन गेले. एरहू यांच्याकडे राहिली. हेही मला सासूबाईंकडून कळलं. माझ्याशी हे "पाणी" आणि "दिवा" एवढंच बोलतात.

*

खोक्यावर अजगराचं कातडं आहे, हे सासूबाईंना नेमकं नागपंचमीला कळलं!

"बाहीर काढ ते! आज त्याची पूजा, अन् घरात त्याचंच कातडं?"

"काहून ओरडून राह्यली?" सासरे म्हणाले. "नाग येगळा, अजगर येगळा."

सासूबाईंनी तरी एरहूलाही हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या. दुसऱ्या दिवशी सुरांआधी खोक्यातल्या लाह्या वाजल्या!

*

एरहूचा गज दोन तारांमधूनच फिरतो, बाहेर निघत नाही. शेजारच्या रुख्माकाकूंनी पाहिलं आणि "अवं, अडकला ना!" म्हणत सोडवायलाच बसल्या. घामाघूम झाल्या. शेवटी यांनी गज ओढून सूर काढला.

"अगंबाई! अडकून बी वाजते?"

मी पदरात तोंड लपवून हसले. यांच्याकडे पाहिलं. हे हसत नव्हते.

*

एकदा धीर करून विचारलं, "हे गाणं कशाचं?"

हे म्हणाले, "त्यानं सांगितलं नव्हतं."

आमचं आजवरचं सर्वांत मोठं संभाषण!

*

रोज दिवेलागणीला एरहू वाजे, अगदी माणसाच्या गळ्यासारखी. गावात झालं, या घरची नवी सून रडते! विहिरीवर बाया मला आधी पाणी भरू देत.

"सासू मारते का वं?"

मी नाही म्हटलं की त्यांची खात्रीच पटे!

बातमी आसेगावला माझ्या माहेरी पोचली. एका सकाळी बाबा छकडा घेऊन दारात.

"पोरगी रोज रडून राह्यली म्हनते. मी तिले न्याले आलो."

सासूबाई लालबुंद. मी आत जाऊन गाठोडं बांधलं. खरं सांगते, हात जराही अडखळला नाही.

बाहेर आले तर हे ओसरीवर उभे.

"मामाजी, तुमची पोरगी नाई रडत," हे म्हणाले. "मी रडतो."

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मंग तुमीच चाला, जवाईबापू!"

हे आत गेले, एरहू घेऊन आले आणि खरंच छकड्यात चढून बसले. एका कडेला सरकून, शेजारी जागा ठेवून.