इमान उतरताना

सार्जंट रमाकांत कोळी विमानाला 'इमान' म्हणायचे. माणूस उरणच्या खाडीकाठचा. हवाई दलात अठरा वर्षं काढली, पण जिभेवरची खाडी काही गेली नाही. सेक्शनमध्ये सगळे त्यांची खेचायचे. मी पनवेलचा, कॉर्पोरल म्हात्रे, त्यांच्या हाताखाली. मला ती बोली घरची होती, तरी मीही हसायचो.

आमचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका तळावर होतं. तिथे मुलकी विमानंही उतरत. धावपट्टीच्या दिव्यांना बाहेरून वीज यायची आणि ती गेली तर स्टँडबाय जनरेटर. तो जनरेटर आमच्याकडे. दर शनिवारी टेस्ट. सार्जंट कोळींचा नियम पक्का होता: फुल लोड, एक तास. म्हणजे टॉवरची परवानगी काढायची, दिवे बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर घ्यायचे आणि इंजिनापाशी उभं राहायचं. तास संपला की ते इंजिनावर तळहात ठेवून क्षणभर थांबत. त्यांचे वडील होडी खाडीत लोटण्याआधी असंच करत.

"रिकामी होडी काय, कशीपन चालते," ते सांगत. "मावरा भरून आनताना इंजिन कसा हाय ते कलते."

जानेवारीत ते आठवडाभर रजेवर गेले. शनिवारची टेस्ट माझ्यावर आली. थंडी मरणाची होती. परवानगीच्या कागदांचा मला कंटाळा आला. लोड न टाकता इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि लॉगबुकात लिहिलं, 'फुल लोड, एक तास. रन ओके.' खाली सही केली.

ते रविवारी परतले. सोबत सुक्या जवळ्याची पिशवी होती, माझ्यासाठी.

"टेस्ट झाली?"

"झाली, सर."

"फुल लोड?"

"फुल लोड."

त्यांनी लॉगबुक उघडूनही पाहिलं नाही.

मंगळवारी, १७:४८ वाजता, बाहेरची वीज गेली. धुकं उतरत होतं, उजेड संपत आला होता. एक प्रवासी विमान जवळ आलं होतं. आजूबाजूचे विमानतळ धुक्याने बंद होते आणि दुसरीकडे जाण्याइतकं इंधन त्यात उरलं नव्हतं. ड्यूटीवर आम्ही दोघंच. ते जनरेटरपाशी, मी तीनशे मीटरवरच्या कंट्रोल रूममध्ये, दिव्यांच्या पॅनलवर.

जनरेटर लगेच सुरू झाला. दोन मिनिटांनी दिवे थरथरले.

"सर, जनरेटर लोड सोडतोय."

रेडिओवर त्यांचा आवाज आला. "डिझेलचा पंप ओढत नाय. हातपंपान देतो. तू पॅनल सोडू नको."

दिवे स्थिर झाले. तो पंप हाताने मारत राहायचा असतो. हात थांबला की इंजिन थांबतं.

१७:५७. "सर, ठीक?"

"धूर हाय. सायलेन्सरच्या पाइपाचा जोड फुटलाय."

"मी येतो."

"नाय. दिवे कोन बघंल? इमान कुठं हाय?"

टॉवरला विचारलं. "बारा मिनिटं, सर."

"होईल."

१८:०३ ला मी पुन्हा हाक मारली. उत्तराऐवजी रेडिओचं बटण दोनदा दाबल्याचा आवाज आला, म्हणजे 'ऐकलं'. दिवे मात्र हलले नाहीत. खिडकीतून मला ती सगळी रांग दिसत होती, धुक्यात दूरवर गेलेली. एका माणसाच्या दंडावर अख्खी धावपट्टी उजळली होती. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नाही.

१८:१० ला विमान धुक्यातून खाली आलं, टेकलं, धावलं आणि पट्टीवरून वळलं. "डाउन अँड सेफ," टॉवर म्हणाला.

"सर, उतरलं!" मी ओरडलो.

त्यानंतर दिवे गेले.

मी धावत गेलो. खोली धुराने भरली होती. ते भिंतीला टेकून बसले होते, हात पंपावर. बाहेर ओढलं, श्वास दिला. डॉक्टरही आले. उपयोग झाला नाही.

चौकशीत अधिकाऱ्यांनी लॉगबुक पुढे ठेवलं. "लोड टाकला होता?" तासभर लोड दिला असता तर पंप आणि जोड, दोन्ही शनिवारीच उघडे पडले असते, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "नाही, सर. खोटं लिहिलं." शिक्षा झाली. कमीच झाली.

सुट्टी मिळताच उरणला सार्जंट कोळींच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर सुकट निवडत होत्या. उभ्यानेच सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"इमान उतरला ना?"

"उतरला, वयनी. सगली मानसा वाचली."

"मंग त्यांचा काम झाला." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "तुमी आता खोटा लिवू नका."

आता निवृत्त होऊन पनवेलला असतो. आमच्या सोसायटीचा जनरेटर मी बघतो. महिन्यातून एकदा फुल लोड, एक तास. सेक्रेटरी वैतागतात, "काका, वीज आहे की! लिफ्ट कशाला अडकवता?" मी वाद घालत नाही. तास भरला की इंजिनावर तळहात ठेवतो. झालं तेवढंच वहीत लिहितो.

मग गच्चीवर जातो. तिथून नव्या विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसतात. परवा सेक्रेटरी मागोमाग वर आले. "काका, इथे काय बघता हो?"

"इमान उतरतंय," मी म्हणालो.

ते हसले. म्हणाले, "काका, विमान."