साक्षीदाराची सही

स्टँपपॅडच्या शाईचा वास आला की मारतहळ्ळीतलं नोटरीचं ऑफिस आठवतं. पक्षाघातानंतर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आमच्या फोटो स्टुडिओचं मुखत्यारपत्र करायचं ठरवलं. लग्नांचे फोटो इतकी वर्षं त्यांच्याबरोबर मीच काढत होते, म्हणून माझाच पासपोर्ट फोटो घेऊन गेले. तो पुढे केला, तर अण्णांनी डाव्या हाताने खिशातून दादाचा फोटो काढला. दादाने कधी कॅमेरा धरला नव्हता. "तुझा कशाला? तू साक्षीदार," ते मला म्हणाले. "सरी अक्का, इल्ली साइन माडी," असं कानडीत म्हणत नोटरी वकिलांनी कागद सरकवला. मी सही केली. वर्षभरात दादाने स्टुडिओ विकला. अण्णा आता माझ्याकडेच राहतात. कधीतरी म्हणतात, "त्या दिवशी माझं जरा..." मी टीव्हीचा आवाज वाढवते.