गाडीच्या पोटाखालचा रंग

आमची जीप सासऱ्यांच्या वेळची. खड्डा आला की आधी ती आदळायची आणि मग आतला माणूस. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, हादरे बिलकुल नकोत. तेव्हापासून संगमनेरच्या घरातून त्यांचं बाहेर पडणंच थांबलं. तसं त्यांचं काही अडत नव्हतं, एक गोष्ट सोडली तर. नेवाशाच्या पुढे एका खेड्यात त्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, राहायच्या. आक्कांना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली फार टिकायची नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. आक्का रोज फोनवर एकच बोलायच्या, "मला दिसतंय तवर एकदा यिऊन जा." त्यांच्या नातवाने व्हिडिओ कॉल लावून पाहिला, पण त्यात त्यांना नुसता मोबाईलचा उजेड दिसला.

मी म्हटलं, चांगली गाडी भाड्याने करू, पाठीला उशा लावू, सावकाश जाऊ. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासूबाईंना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पाठवत होते. दारात वडिलांची गाडी असताना आई भाड्याच्या गाडीने जाणार? त्याच संध्याकाळी ह्यांनी जाहीर केलं, जीपचे जुने कडक पाटे काढून मऊ स्प्रिंगा बसवायच्या, चाकं धरून ठेवणारे लोखंडी आर्म नव्याने बनवून घ्यायचे आणि आईला पोटातलं पाणी न हलता न्यायचं. सासूबाईंचे डोळे भरून आले. पोरगा एवढं करतोय म्हटल्यावर भाड्याच्या गाडीचं नाव काढायची सोय राहिली नाही.

बेलापूरला रस्त्याच्या कडेला एक मिस्त्री असलं काम ऑर्डरप्रमाणे करून द्यायचे. जीप त्यांच्याकडे नेऊन सोडली. मिस्त्रींचा हात चांगला आणि हौस त्याहून दांडगी. आर्म झाले, स्प्रिंगा आल्या, मापं जुळली. राहिला फक्त त्या आर्मचा रंग, आणि तिथे आमचं घोडं जे अडलं ते अडलंच.

मिस्त्रींनी पावडर कोटिंगचं, म्हणजे भुकटी भाजून चढवतात त्या रंगाचं, शेड कार्ड पुढे ठेवलं. नुसता काळा मारू नका म्हणाले, एवढं काम केलंय तर ते दिसायला नको का? कोणाला दिसायला, असं मी विचारलं. दोघांपैकी एकानेही ते ऐकलं नाही. साडीच्या दुकानात तिसऱ्या साडीला जांभई देणारा हा माणूस ते कार्ड उन्हात धरून बघत होता, सावलीत नेऊन बघत होता, डोळे बारीक करून बघत होता. चकचकीत घ्यावा तर चिखल उठून दिसेल, मॅट घ्यावा तर बसल्याबसल्या जुना वाटेल. खडबडीत हॅमर फिनिश भारदस्त वाटतं, पण ते पिठाच्या गिरणीला असतं. झिंकचा मुलामा द्यावा तर दरवाज्याच्या कडीसारखं दिसेल.

मिस्त्रींनी लाल सुचवला. ह्यांना तो फारच आवडला. आर्म लाल होऊन आले आणि त्याच आठवड्यात ह्यांनी पतसंस्थेच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात घेतलं. मग लाल कोणाचा, भगवा कोणाचा, हिरवा कोणाचा, निळा कोणाचा हा हिशोब घरात सुरू झाला. आमच्याकडे रंग म्हटला की तो कोणाचा तरी असतोच. गाडीच्या पोटाखाली लावायचा, पण मतदार वाकून बघणार नाही कशावरून, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, जो मतदार गाडीखाली शिरून बघेल त्याचं मत तसंही आपल्याला नको. ह्यांनी त्यावर दोन दिवस अबोला धरला. लाल खरवडून काढला.

बेलापूर म्हणजे आक्कांच्या गावाची जवळजवळ अर्धी वाट. दर रविवारी हे दुचाकीवरून अर्ध्या वाटेपर्यंत जायचे आणि रंग न ठरवताच परत यायचे. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. त्या फक्त ह्यांच्या तोंडाकडे बघायच्या. फोनवर आक्का सांगायच्या की परवापरवापर्यंत गोठ्यातली तांबडी गाय ओळखू यायची, आता गाय आहे एवढंच कळतं. मग तेही कळेनासं झालं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर सासूबाई देवघरासमोर बराच वेळ बसल्या आणि मला राग आवरेना. मी सरळ म्हणाले की उद्या गाडी बोलावते. सासूबाईच मला म्हणाल्या, "नगं. त्याचा हिरमोड हुईल. आता झालंच हाय."

शेवटी राखाडी ठरला. ना चकचकीत ना मॅट, मधला. तो कोणाचाच नव्हता. कोटिंग होऊन आलं तर भोकांमध्येही पावडर बसलेली, बोल्ट आत जाईनात. ती कानसून काढण्यात आणखी दिवस गेले. मग एकदाची जीप घरी आली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. स्प्रिंगांमुळे गाडी उंच झाली होती, म्हणून सासूबाईंना स्टुलावर चढवून आत बसवलं.

खोटं कशाला बोलू, प्रवास सुखाचा झाला. नेवाशापुढचा रस्ता म्हणजे नुसती चाळण, पण सासूबाई उशीला टेकून शांत बसून होत्या. हे आरशातून सारखे त्यांच्याकडे बघत होते आणि खूश होत होते. आम्ही पोहोचताच गल्लीतले दोघेतिघे पुरुष गाडीभोवती जमले आणि वाकून खाली बघू लागले. ह्यांची छाती फुगली.

आत आक्का बाजेवर बसल्या होत्या. सासूबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या तरी त्या दाराकडेच बघत होत्या. मी आवाज दिला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. सासूबाईंना खाली वाकता येत नाही, म्हणून मी त्यांना धरून बाजेवर बसवलं. आक्कांनी बहिणीचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी. बारीक झालीस म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लई दिस लावलेस गं."

सासूबाईंनी एकवार दाराकडे पाहिलं. तिथे हे उशी घेऊन उभे होते.

"गाडीचा रंग ठरत नव्हता, आक्का," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन होईना.

"मग कंचा ठरला?" आक्कांनी विचारलं.

गाडीखाली वाकून बघणं सासूबाईंना शक्य नव्हतं. तो रंग त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. त्यांनी मुलाला विचारलं, "सांग रं, कंचा ठरला?"

शेजाऱ्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना त्या रंगाबद्दल तासन् तास ऐकवणारा हा माणूस. उशी छातीशी धरून तो दारात नुसता उभा राहिला.