आमच्या घरची दवंडी

वडील गेले तेव्हा त्यांच्या दुकानात सतरा कापडं बिनशिवलेली पडून होती. मंठ्याच्या पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. कोणतं कापड कोणाचं, दोरे-अस्तरवाल्या शेटजींचं देणं किती, सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात. वही म्हणून नव्हतीच.

काकांचं म्हणणं, वही नाही हे लोकांना कळायच्या आत मशीन विकावी, नाहीतर खरे-खोटे सगळेच दारात येतील. आईला मशीन हवी होती, आमचं पोट तिच्यावरच चालायचं होतं. पण वडिलांमागं कोणाचं काही अडकून राहिलेलंही तिला चालणार नव्हतं. "आधी ज्याचं त्याला देऊ. मंग उरली तर उरली मशीन," ती म्हणाली.

मी नुकतीच मॅट्रिक झालेली. मोठ्या ऐटीत पुठ्ठ्यावर सूचना लिहिली आणि दुकानाच्या दाराला टांगली. आठ दिवसांत एकच माणूस आला, तोही शाळेतले मास्तर. बाकीच्या गिऱ्हाइकांना वाचता येत नाही, ही अक्कल मला त्यांनीच दिली. "बाजारात वरडून सांगावं लागंल, पोरी," आई म्हणाली.

हे ऐकून काकांचा पारा चढला. आमच्या आजोबांना भाकरतुकड्यावर अख्ख्या गावाची दवंडी द्यावी लागायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी आणि काकांनी ते काम सोडलं, डफ जाळून टाकला. "आन् आता पोरीला बाजारात दवंडी द्यायला लावता, वहिनी?"

खरं सांगायचं तर मलाही आईचा राग आला होता.

"ते गावाचं काम होतं, भाऊजी," आई म्हणाली. "हे आपलं हाये."

बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. ज्यांचं आमच्या वडिलांकडं कापड असेल, येणं असेल, त्यांनी पुढच्या बाजारापर्यंत येऊन सांगावं, एवढंच म्हणायचं होतं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा शेजारच्या मिरचीवाल्यानं तेवढं वळून पाहिलं. मला रडू यायला लागलं, तेव्हा मागं मान खाली घालून उभे असलेले काका पुढं आले आणि तेच वाक्य पार बसथांब्यापर्यंत जाईल असं ओरडले.

लोक आले. आपापलं कापड ओळखून घेऊन गेले. खोटा एकच निघाला, त्याला रांगेतल्यांनीच गप्प केलं. शेटजींनी हप्ते बांधून दिले. मशीनच गेली तर माझं फेडणार कशातून, म्हणाले.

शेवटी भाजीवाली मावशी आली. तिनं आपला खण ओळखला, उचलला आणि पुन्हा आईपुढं ठेवला. "मी कापड न्यायला न्हाई आले. चोळी न्यायला आले."

आईला काजं-बटणांपलीकडं काही येत नव्हतं. तिनं कात्री घेतली.

चोळी एका बाहीत तंग झाली. मावशीनं पुढचा अख्खा बाजार तीच घालून केला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला आमचं दुकान दाखवलं.