सुधीरदादाचं ग्लायडर मी मोडायला दिलं

मिलिंदराव, ही पोस्ट तुम्हाला दिसावी म्हणूनच पब्लिक ठेवलीय.

माझ्या भावाला, सुधीरदादाला, जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादाचं औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान. रविवारी शरणापूरच्या टेकडीवर रिमोटचं ग्लायडर विमान उडवायचा.
इंजिन नाही, मोटर नाही. टेकडीला धडकून वर चढणारा वारा आणि हातात रिमोट. बस.

मला त्यानंच शिकवलं. वारा पडला की बाकीचे रिमोटची सेटिंग बदलत बसायचे. दादा आभाळात घार शोधायचा आणि ती घिरट्या घालते तिथं, वर चढणाऱ्या हवेत, विमान न्यायचा.

"सेटिंग म्हणजे चष्मा गं सुमे. नजरच नसली तर चष्मा लावून काय दिसणार?"

मिलिंदराव, टेकडीवर विमानं उडवणाऱ्यांच्या आपल्या ग्रुपमधले सीनियर तुम्ही. सगळ्यात महागडा रिमोट तुमचा. स्पर्धेत दादानं तुम्हाला हरवलं आणि त्याच दुपारी तुम्ही ग्रुपवर टाकलंत,
"सुधीरनं विमानात जायरो लपवलाय. विमान आपोआप सरळ राहतंय, हा नुसता उभा असतो."

दादा म्हणाला, "उघडून बघा की."

तुम्ही उघडलं नाहीत. त्याला ग्रुपमधून काढलंत.

दादा परत टेकडीवर गेला नाही. दुकानात ओळखीचे लोक विचारायचे, "विमान आपोआप उडतं म्हणे तुमचं?" तो हसायचा. घरी येऊन भरल्या ताटावरून उठायचा.

पुढं हार्ट अटॅक आला. तो तुमच्यामुळं आला असं मी म्हणणार नाही.
पण त्याचे शेवटचे रविवार तुम्ही खाल्लेत.

आणि तो गेल्यावर लिहिलंत, "एक उत्तम पायलट हरपला."

ते वाचून रडू नाही आलं. डोकं सणकलं.

मागच्या रविवारी मी दादाचं ग्लायडर घेऊन टेकडीवर आले. सगळ्यांसमोर उघडलं. "दाखवा जायरो."
नव्हताच.

मग रिमोटमधली दादाची सगळी सेटिंग पुसून टाकली. आता हात जरा जड पडला की विमान उसळणार.

उडवलं. वारा लई कमी होता. घार सापडली, तिच्याखाली विमान नेलं, वर चढवलं, गवतावर नीट उतरवलं.

आणि रिमोट तुमच्यासमोर धरला. "घ्या. आता तर सेटिंगच नाही."

सगळे बघत होते. तुम्हाला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्याच वळणाला विमान उसळलं, आडवं झालं आणि नाकावर खडकात गेलं. पंख मुळातून तुटला.

"सेटिंगच नव्हती ना!" तुम्ही ओरडलात.

ग्रुपमधले इमरानभाई आजवर तुमच्याच बाजूनं बोलायचे. तेच म्हणाले, "अहो, तिनं आत्ता तसंच उडवलं की."

संध्याकाळी त्यांनीच ग्रुपवर लिहिलं, "सुधीरभाई के साथ गलत हुआ." खाली एकेकानं माफी मागितली. तुम्ही ग्रुप सोडलात.

आई विचारते, "भावाची वस्तू मोडून काय मिळालं गं तुला?"

तुम्ही मोडणार हे मला माहीत होतं, मिलिंदराव. म्हणूनच दिलं.

दादा, तू असतास तर मला रागावला असतास. त्यांना चहा पाजला असतास.
मला नाही जमत. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तुझ्यावर लबाडीचा डाग होता, तो गेला. आता शांत झोप.

तुझी सुमी