आक्काचं वजन आणि ताकातले जिवाणू

नव्वदच्या दशकात मी नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीला घरी गेले की काहीतरी नवं सांगायलाच हवं, असं मला उगीच वाटायचं.

माझी मोठी बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. तिला जळजळ फार व्हायची. ताकात कुस्करलेली भाकरी तेवढी पोटात राहायची. एका शनिवारी घरी जायला तिसगावची एसटी गाठायची म्हणून मी तास अर्ध्यातच सोडून निघाले. जेवायला बसल्यावर आक्काच्या वाटीकडे बघत म्हणाले, "ह्या ताकात लाखो जिवाणू असतात. जिवंत. मी स्वतः बघितलेत."

आक्कानं वाटी खाली ठेवली. आई म्हणाली, "शिकलेली पोरगी सांगती, तर खरंच आसंल." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्या खेपेला मी आक्काबरोबर गावच्या आरोग्य उपकेंद्रात तपासणीला गेले. काट्यावर तिचं वजन किलोभर कमी भरलं. सिस्टर बाई चिडल्या. "सातव्यात वजन वाढायचं सोडून उतरतंय कसं? खाती काय तू?"

"ताक-भाकरी खात हुते. पर त्यात किडं असत्यात म्हनं."

"कुनी सांगितलं?"

आक्कानं नुसतं माझ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आसं व्हय! मग पोराला बी हीच जेवू घालनार का?"

परत येताना बाळाला काही झालं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सोमवारी धीर करून तो तास घेणाऱ्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तासाच्या दुसऱ्या अर्ध्यात होतीस का?" मी नकारार्थी मान हलवली. "दह्यातले जिवाणू माणसाला अपाय करत नाहीत, आणि आपल्या पोटातलेही बरेचसे अन्न पचवायला मदत करतात, हे मी तेव्हा सांगितलं होतं."

मी चाचरत विचारलं, "बाई गरोदर असली, वजन वाढलं, की पोटातले जिवाणू बदलतात का सर?"

ते म्हणाले, "बदलत असतील. पण कसे, ते मला माहीत नाही." शिकलेल्या माणसानं असं सरळ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग हसून म्हणाले, "तुझ्या सांगण्यावर ती आता विश्वास ठेवायची नाही. घेऊन ये तिला."

नगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला आणलं तेव्हा आक्का आमच्या प्रयोगशाळेत आली. जिना चढून धापा टाकत होती. तिच्या डब्यात आईचं दही होतं. त्यातलं थेंबभर मी काचेवर पसरलं, वाळवलं, तापवलं, रंग दिला. आक्का सूक्ष्मदर्शकात वाकून बघत राहिली.

"ह्ये व्हय? बारक्या काड्याच की. अन् हालत न्हाईत."

"तापवल्यावर मरतात ते."

"आगं बया! माझ्यापायी मारलंस व्हय त्यांना?" तिला खरंच वाईट वाटलं. "लई गरीब दिसत्यात गं." सर तोंड फिरवून हसत होते.

बाहेर लिंबाच्या सावलीत बसून तिनं डबा उघडला. दोन भाकरी आणि सगळं दही संपवलं. मी घास मोजत होते. "आता बघत बसू नगंस," ती म्हणाली, "न्हाईतर पुन्हा काहीतरी शिकवशील."

पुढच्या तपासणीला काटा दीड किलो पुढं सरकला. सिस्टर बाईंनी "उतर आता" म्हटलं, पण आक्का काट्यावरून हलेना.

"ह्यातलं माझं किती, पोराचं किती, अन् त्या पोटातल्यांचं किती वं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तुझ्या भैनीला इचार."

दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आता खरी शिकली बघा," आक्का बाईंना म्हणाली, आणि पोट सावरत काट्यावरून खाली उतरली.