तात्यांच्या कोशातलं जळालेलं कार्ड

लोणी देवकरच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला होतो. सुजाताचा फोन आला. "तात्या गेले," एवढंच म्हणाली. मशीन चालूच होतं आणि मी नुसता उभा... डोळ्यांपुढं त्यांचा चेहरा आला नाही, उजवा हात आला. चट्टे पडलेला, दोन बोटं आखडलेली. तो हात माझ्यामुळं भाजला होता.

तात्या म्हणजे सुजाताचे वडील, आमचे शेजारी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. इंदापूर-बारामतीकडच्या बोलीचा पहिला कोश ते एकट्यानं करत होते. रोज बुद्धवंदना झाली, की पेन उचलण्याआधी खोटं न बोलण्याचं शील पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणत. ते शील त्यांच्या लेखी तोंडापुरतं नव्हतं, लिहिणाऱ्या हातालाही होतं. ऐकलेला शब्द गाळणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून गावानं ज्या जातीवरच्या शिव्यांनी आम्हाला हाका मारल्या, त्याही कोशात. प्रत्येक कार्डावर शब्द, अर्थ, कोण कुणाला म्हणालं, आणि खाली सांगणाऱ्याची सही नाहीतर अंगठा.

मी चळवळीची पत्रकं वाचत, वाटत वाढलेला. मला हे सहन होईना. "तात्या, ही घाण पुरायला आपण धम्म घेतला. तुमी तिला पुठ्ठा बांधून ठेवताय!"

"घाण केली कुणी, ते लिवायला नगं?" तात्या हसले. "तुझी पत्रकं वरडत्यात लेका, पर नाव एकाचंबी घेत न्हाईत."

हे झोंबलं. त्यानंतर एका सकाळी टेबलावर ते कार्ड दिसलं. तात्यांच्या वडिलांना चावडीपुढं आसुडानं फोडलं होतं, पाठीची सालटी निघेपर्यंत, आणि दर फटक्याला तोच एक शब्द. तो इथं वळणदार अक्षरात, अर्थासकट! माझं डोकं फिरलं. खालचं काही न वाचता कार्ड चुरगळलं आणि अंगणातल्या पेटलेल्या बंबात कोंबलं. तात्यांनी मला ढकललं, हात थेट जाळात घातला. करपलेल्या कातडीचा तो वास... मुठीतून बाहेर आली ती राख.

"मुडद्या, काय केलंस हे!" सुजाता हातावर पाणी ओतत किंचाळली.

"त्याच्यावर मारणाऱ्याचं नाव हुतं," तात्या म्हणाले. "माझ्या आत्तीनं डोळ्यांनी बघितल्यालं. आत्ती गेली. आता अंगठा कुणाचा घिऊ?"

"नाव तुमाला पाठ हाय की. लिवा परत."

"मी तवा पाळण्यात हुतो. साक्षीबिगर लिवलं तर शील मोडतंय."

"शील गेलं खड्ड्यात! तो सुटंल तात्या!"

"सुटला की. तू सोडलास त्याला."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

उरलेला कोश त्यांनी डाव्या हातानं लिहिला. ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी बारामतीच्या छापखान्यातून कोशाची तपासायची मुद्रितं आली. सुजातानं मला बोलावून एक पान पुढं सरकवलं. तोच शब्द. अर्थ. 'म्हणणारा' यापुढं कोरी जागा. खाली एक ओळ : 'साक्षीचं कार्ड जाळलं. जाळणारा', आणि माझं पूर्ण नाव.

तिच्या हातात दुरुस्तीचं लाल पेन होतं. "काढायचं असंल तर आत्ता सांग. गावभर वाचतील. मारणाऱ्याचं नाव न्हाय आन् तुझं मात्र हाय."

मी ते पान दोनदा वाचलं. चुकीचं एक अक्षर नव्हतं.

"पेन दे," म्हणालो. "खाली सही राहिलीय."

तिनं पेन दिलं.